उजव्या पायाचं हाड

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो कुणाच्या तरी कण्हण्याने. कोंबडं आरवायचं, प्रवरेकडून गार वारा सुटायचा, आणि ओट्यावर कुणीतरी "आई गं, मेलो" करत बसलेलं असायचं. कुणी उसाची मोळी उचलताना लचकलेलं, कुणी मोट हाकताना वाकडं झालेलं, कुणी नुसतंच शिंकलं आणि तसंच आखडून राहिलेलं. अशा माणसाच्या पाठीत उसण भरली म्हणायचे. उसणीवर कोल्हारात आणि आसपासच्या पाच-सात गावांत एकच औषध होतं, ते म्हणजे मी. मी पायाळू होते. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याकडून न येता पायांकडून आलेली. अशा माणसाच्या पायाला गुण असतो, त्याने दुखऱ्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं तेव्हा सगळेच मानत. आजही मानणारे आहेत, आणि त्यांतले दोघे-तिघे माझ्याच घरात जेवतात. तर मला अंथरुणातून उठवून, तोंडसुद्धा धुऊ न देता ओट्यावर उभं करायचे. तो माणूस पालथा पडायचा. मी डाव्या पायावर उभी राहून उजवा पाय त्याच्या कमरेला सात वेळा लावायची. अनवाणी, उपाशीपोटी आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता. मग तो उठायचा, कंबर इकडेतिकडे करून बघायचा आणि म्हणायचा, "लई हलकं वाटतंया." आता मला वाटतं, चार मैल पायी आल्यावर आखडलेलं अंग आपोआपच सुटत असणार. पण हे आत्ताचं शहाणपण. तेव्हा माझा माझ्या पायावर पुरता भरवसा होता.

दादा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत मास्तर होते. पृथ्वी गोल आहे, ग्रहण म्हणजे सावली आणि वीज म्हणजे ढगांची घासाघीस, हे ते पोरांना छडी आपटून शिकवायचे. पण पायाळू माणसावर वीज पडते असाही समज होता, आणि वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की आत्या माझ्या हातातल्या बांगड्या, कानातलं, सगळं उतरवून मला आतल्या खोलीत धान्याच्या पोत्यांवर बसवायची आणि वरून घोंगडी टाकायची. ती घोंगडी खुंटीवरून काढून द्यायचे ते आमचे दादाच. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! त्या घोंगडीखाली मी घामाघूम होऊन विजेची वाट बघत बसायची. वीज मलाच शोधत आलेली आहे असं मला अगदी खात्रीने वाटायचं. पुढे आयुष्यात बऱ्याच गोष्टींची भीती गेली, पण आभाळ भरून आलं की कानातलं काढून ठेवायची सवय अजून आहे.

आत्या दादांची थोरली बहीण; आई आणि दादा तिला अक्का म्हणायचे. सोळाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आलेली, आणि आईवेगळ्या दादांना तिनेच वाढवलेलं. त्यामुळे घरात शब्द तिचा. ती वाईट नव्हती. माझ्या दोन थोरल्या बहिणींना ती नुसतं "ए पोरी" म्हणायची आणि मला "माझी लक्ष्मी". दुधावरची साय माझी. गुऱ्हाळ लागलं की पहिल्या काहिलीतला कोमट गूळ मला. याच लाडापायी सहाव्या वर्षी काहिलीजवळ नाचताना उकळती काकवी माझ्या डाव्या नडगीवर सांडली आणि तिथली कातडी जन्मभरासाठी सुरकुतली. तेव्हाही आत्याने देवाला हात जोडले, की उजवा पाय वाचला. घरात तिसरी पोरगी होऊन असे लाड झालेली मुलगी मी तरी दुसरी पाहिली नाही. आई मात्र गप्प असायची. ती राहुरीकडची, अक्षरशत्रू, कामाला वाघ आणि तोंडाने मुकी. मी लोकांना पाय लावायची तेव्हा ती ओट्यावर कधीच नसायची. गोठ्यात शेण काढत असायची. मला वाटायचं, तिची ती कामाचीच वेळ आहे.

सतरावं सरलं आणि माझीच पाठ दुखायला लागली. सुरुवातीला नुसती कळ, कमरेच्या वर चार बोटं, खिळा ठोकल्यासारखी एकाच जागी. मग संध्याकाळी अंगात कणकण. मग घागर डोक्यावर घेताना डोळ्यांपुढे अंधारी. खाली पडलेली सुई उचलायची तर मी वाकायची नाही, गुडघे मुडपून सरळ खाली बसायची आणि जात्याला धरून उठायची. गावात ही बातमी पसरायला एक आठवडा लागला असेल. उसण उतरवणारीलाच उसण! आत्याने याचा अर्थ लावला, आणि तो सगळ्यांना पटला, मलासुद्धा. ती म्हणाली, "लोकांची दुखनी ती आपल्या अंगावर घेती. इतक्या वरसांची साठली पाठीत. आता पाय लावायचा थांबली तर समदी तितंच गोठून बसत्याल. चालू ठेवलं तर एक ना एक दिस वाट फुटंल." म्हणजे दुखणं वाढेल तसा पाय अधिकच लावायचा. मी एका पायावर उभी राहून दुसरा उचलायची तेव्हा पाठीतून अशी काही कळ जायची की खालच्या माणसाऐवजी मीच कण्हायची. कण्हत कण्हत सात मोजायची. एकदा गोठ्यात जाऊन मी आईला विचारलं, "आई, मी हे थांबवू का?" तिने शेणाची पाटी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "आक्का म्हनत्यात तसं कर."

दोन वर्षं असं चाललं. मधल्या काळात जे उपाय झाले त्यांची यादी करत बसत नाही. बिब्ब्याचे चटके दिले त्याचे काळे डाग अजून पाठीवर आहेत, सुना आंघोळीला पाणी घालताना विचारतात. अमावास्येच्या शनिवारी बैलगाडीतून शिंगणापूरला नेऊन शनीला तेल घातलं. गाडीच्या प्रत्येक गचक्याला मी ओरडायची आणि आत्या म्हणायची, "ओरड बाळा, निगतंय ते." दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशातली ती तऱ्हा. परतीच्या वाटेवर मला पहिल्यांदा कळलं की गाडीतून उतरल्यावर जमीन लवकर पायाला लागत नाही. लागते, पण मधे कापूस ठेवल्यासारखी. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील. खरं म्हणजे मला भीती वाटली होती, आणि भीतीला नाव दिलं की ती घरात राहायलाच येते असं तेव्हा वाटायचं.

मग मला बघायला संगमनेरकडची माणसं आली. पाहुण्यांत एक जाड बाई होत्या, मुलाची मावशी. मी पोहे दिले, नाव सांगितलं, आणि मग सगळ्यांच्या पाया पडायला वाकले. वाकले ती वाकलेलीच. पाठ वर येईना. मावशींच्या पायांवर डोकं ठेवून मी तशीच राहिले, आणि त्यांना आधी वाटलं की पोरगी फारच नम्र आहे. मग आई पुढे आली आणि तिने मला काखेत हात घालून उचललं. मावशी दादांकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, पोरगी पायाळू हाय म्हनून सांगितलं तुमी. मेलेली हाय म्हनून न्हाई सांगितलं." त्यांनी पोहे तसेच ठेवले आणि निघाल्या. त्यांची गाडी वळेपर्यंत दादा ओट्यावर उभे होते. मग आत आले आणि आत्याला न विचारता, उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, आईला म्हणाले, "हिचे दोन कपडे बांध. उद्या नगरला नेतो."

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे म्हणून सर्व्हिस मोटारीच्या मागे कोळशाची शेगडी बसवलेली असायची, तिच्या धुरावर ती खोकत खोकत चालायची. चढ आला की माणसं उतरून ढकलायची. मला मात्र कुणी उतरू दिलं नाही. मी मागच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून, धूर गिळत नगरपर्यंत गेले. दवाखाना मोठा होता, दगडी, उंच छताचा. तिथे माझ्या पाठीचा फोटो काढला. तो काळा फोटो डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरला आणि दादांना बोटाने दाखवलं. डॉक्टर पुण्याकडचे होते, बोलणं मऊ, पण डोळे मऊ नव्हते. म्हणाले, "मणक्याला कीड लागली आहे. दोन मणके झिजून एकमेकांवर बसलेत, आणि आतल्या नसा दाबल्या जाताहेत. दोन वर्षं कुठे होता, मास्तर?" दादांनी टोपी काढून हातात घेतली. डॉक्टर म्हणाले, "गाडीचं जू तडकलं की शेतकरी त्याला लाकडाची पट्टी बांधतो की नाही? तसं करायचं. हिच्याच नडगीतून हाडाची पट्टी काढायची आणि पाठीत बसवायची. डाव्या पायाची कातडी भाजलेली आहे, तिथे मी सुरी लावणार नाही. हाड उजव्या पायाचं घ्यावं लागेल." मग ते माझ्याकडे वळले, माझ्या तळव्यावर टाचणीची रेघ ओढली आणि विचारलं, "कळतंय?" मी म्हटलं, "थोडं." ते म्हणाले, "थोडं आहे तोवरच करायला हवं."

उजव्या पायाचं हाड! दादांच्या कपाळावर घाम आला तो मला खाटेवरून दिसला. कागदावर सही करायला सांगितली तर म्हणाले, घरी विचारून येतो. सही त्यांची, हाड माझं, आणि विचारायचं आत्याला. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मला कुणी विचारावं हे मलाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दादा परत आले ते निरोप घेऊन. आत्याने सांगितलं होतं, पायाळूच्या पायाला लोखंड लावलं तर पायही जाईल आणि पोरही जाईल, आणि घराला जे लागेल ते वेगळंच. डावा घ्या म्हणावं, नाहीतर पोर घरी आणा. दादा सही करीनात, आणि मला घरीही नेईनात. रोज सकाळी डॉक्टर यायचे, टाचणी ओढायचे, विचारायचे, आणि दादांकडे न बघता पुढे जायचे. पहिल्या दिवशी मी "थोडं" म्हटलं होतं. चौथ्या दिवशी टाचणी कधी ओढली तेच मला कळलं नाही.

वॉर्डात बारा खाटा होत्या. नातेवाइकांसाठी मागच्या पडवीत तीन दगडांच्या चुली मांडलेल्या, तिथे आई भाकरी थापायची. दुपारी छावणीच्या बाजूने तोफांचा सराव चालायचा. धडाम् आवाज यायचा, मग खिडक्यांची तावदानं थरथरायची, आणि कुठलीतरी बाई देवाचं नाव घ्यायची. माझ्या शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडची सखूबाई होती. तीसेक वर्षांची, काळीसावळी, फार बोलकी. तिचं माझ्यासारखंच ऑपरेशन तीन महिन्यांपूर्वी झालं होतं, तेही फार उशिरा आणल्यावर. तिचे पाय परत आले नव्हते. नवरा आधी दर बाजाराला यायचा, मग महिन्याने, मग येईनासा झाला. ती हसून म्हणायची, "मान्साला पाय असले म्हंजी चालता येतं म्हनत्यात. माजे हायेत की, हे बगा दोन." आणि चादर वर करून दाखवायची. त्या काटकुळ्या, पांढुरक्या पायांकडे मी बघायची नाही, आणि न बघताही मला ते रात्रंदिवस दिसायचे. मी आईकडे बघायची. आई सखूबाईच्या पायांकडे बघत असायची.

पाचव्या दिवशी दुपारी दादा माझ्या खाटेशी स्टुलावर बसले होते, टोपी मांडीवर. रूथबाई, आमच्या वॉर्डातली नर्स, राहात्याकडची ख्रिस्ती बाई, पुन्हा तोच कागद घेऊन आली. म्हणाली, "मास्तर, डॉक्टर म्हनतायत, उद्या केलं तर केलं. परवा केलं तर मंग कशाला करायचं." दादा म्हणाले, "बाई, मला कळतं हो. पण अक्का म्हणते..." तेवढ्यात तोफ झाली. तावदानं वाजायची थांबली तेव्हा आई बोलायला लागलेली होती. ती भिंतीला टेकून उभी होती, हाताला पीठ तसंच.

"सही करा, मास्तर. पोरगी पायाळू न्हाई."

दादांना कळलंच नाही. ते म्हणाले, "काय?"

"न्हाई पायाळू. डोस्क्याकडनं झाली. समद्यांची हुत्यात तशी."

"सरू, काय बोलतेस तू?"

"दोन पोरींवर तिसऱ्यांदा दिस गेले तवा आक्कांनी माज्या माहेरी निरोप धाडला हुता. आवंदा पोरगी झाली तर आमच्या शंकरला दुसरी करू, तुमची तुमाला ठिवा. पोरगी झाली. मी सुइनीच्या पाया पडले. म्हनले, पायाळू हाय म्हनून सांग. तिसरी पोरगी कुनाला नको आसती, पायाळू समद्यांना लागती." तिचा आवाज वर चढला नाही, खाली आला नाही. "पाय सादा हाय तिचा. तुमच्या-माज्यासारका. हाड काढाय लागतंय तर काढू द्या."

रूथबाई कागद हातात धरून तशीच उभी होती. दादा म्हणाले, "एकोणीस वर्षं?" बस, एवढंच. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, शाळेच्या दाखल्यावर करायचे तशी वळणदार सही केली, टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर गेले. संध्याकाळच्या मोटारीने ते कोल्हारला परतले. मला सांगून गेले, आईला नाही.

लोकांना वाटेल, मला त्या क्षणी राग आला असेल. नाही आला. आधी मला त्या सगळ्या पाठी आठवल्या. घामट, केसाळ, हाडं वर आलेल्या, बायकांच्या, म्हाताऱ्यांच्या, आणि त्यांवर ठेवलेला माझा पाय, जो काहीच नव्हता. मला भर वॉर्डात लाज वाटली. राग आला तो तासाभराने, आणि आला तो राहायला आला. नुकती जन्मलेली पोर वाचवायला आई खोटं बोलली, ते मला कळत होतं; तेवढी अक्कल मला होती. पण ती दोन वर्षं? एका पायावर उभी राहून मी सात मोजायची तेव्हा ती गोठ्यात होती. बिब्बा तापवताना तिने विस्तव पुढे सारला होता. मी तिला विचारलं होतं, थांबवू का. "न्हाई, थांब" एवढं म्हणायला किती शब्द लागतात? ती खाटेजवळ आली आणि म्हणाली, "इंदे." मला कूस बदलता येत नव्हती, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पांढऱ्या कपड्यांत गुंडाळून नेलं. खोलीत कार्बोलिकचा वास होता आणि भांड्यात हत्यारं ठेवल्याचा आवाज. रूथबाईने माझ्या उजव्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत तपकिरी औषध चोपडलं. मला ते दिसलं, लागलं काहीच नाही. नाकावर जाळी ठेवली, तिच्यावर थेंब थेंब ईथर. गोड, कुजक्या फळासारखा वास. डॉक्टर म्हणाले, आकडे मोजा. सातच्या पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा मी प्लॅस्टरच्या साच्यात उताणी होते. मानेपासून मांड्यांपर्यंत खालून पांढरं पन्हळं, आणि त्यात मी ओतलेली. घसा जळत होता, पाठ पेटली होती, उजव्या नडगीवर जाड पट्टी होती असं म्हणत. असं म्हणत, कारण कमरेखाली मी नव्हतेच. डॉक्टरांनी टाचणी ओढली. "कळतंय?" नाही. "अंगठा हलवा." मी हलवला. माझ्या मनात तो हलला, आणि चादर जशीच्या तशी. डॉक्टर म्हणाले, "सूज आहे. उतरेल. वाट बघू." तीन दिवसांनी पुन्हा म्हणाले, "वाट बघू." शब्द तेच, पण या वेळी ते आईकडे न बघता म्हणाले. सखूबाईने ते ऐकलं. डॉक्टर गेल्यावर ती हळूच आईला म्हणाली, "बाई, मलाबी आदी सूजच म्हनले हुते."

त्याच आठवड्यात तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि तिला गोधडीत उचलून घेऊन गेला. जाताना भावाला माझ्या खाटेशी थांबवून ती म्हणाली, "येते गं इंदूबाई," आणि हसली. तिची खाट दोन दिवस रिकामी होती. गादी गुंडाळलेली, लोखंडी पट्ट्या उघड्या. मला दुसरीकडे बघता येत नव्हतं.

दादांचं पोस्टकार्ड आलं. ते मला लिहिलेलं होतं, त्यांच्या सुवाच्य शाळेच्या अक्षरात. प्रकृतीची चौकशी, पाऊसपाणी, आणि शेवटी एक ओळ: "अक्कास सर्व कळले आहे. ती म्हणते, मुलगी स्वतःच्या पायांनी चालत आली तर दोघींनी यावे, नाहीतर सरूने राहुरीस जावे." त्यांनी स्वतःचं मत लिहिलं नव्हतं, त्यामुळे ते कळलंच. आईने विचारलं, "काय लिवलंय मास्तरांनी?" ती अक्षरशत्रू आहे हे मला माहीत होतं. तब्येतीचं विचारलंय एवढं सांगून मला भागवता आलं असतं. मी ती ओळ तिला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचली. तिने पदराने हात पुसले आणि भाकरी करायला गेली.

तसं मी तिच्याशी बोलत नव्हते. पाणी, पुरे, नको, एवढंच. ती माझं सगळं करायची. भांडं द्यायची, पुसायची, पेज भरवायची, केसांतल्या उवा काढायची. दिवसातून चार वेळा वाटीत खोबरेल घेऊन तळवे चोळायची, एकेक बोट धरून, आणि चोळता चोळता विचारायची, "कळतंय का काय?" मी म्हणायची, "नाही." ते खरंच होतं. पायांशी बसलेलं तिचं डोकं मला दिसायचं, भांगात पांढरे झालेले केस दिसायचे, आणि मला दया यायची नाही. आज लिहिताना मी त्या पोरीला सांभाळून घेऊ शकते, एकोणीस वर्षांची होती, पाय गेले होते. पण घेत नाही. ती कशी होती ते मला चांगलं ठाऊक आहे.

ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. सकाळी रूथबाईने अंग पुसलं, डॉक्टर फेरी मारून गेले, आई पडवीत पेज करायला गेली. माझ्या पायांवरून चादरीची दोन टोकं वर आलेली दिसायची, रोज तीच बघत मी पडून असायची. एकाएकी उजव्या टोकापाशी काहीतरी खरखरीत लागलं. दवाखान्याची जाडीभरडी चादर. मी श्वास धरला. अंगठ्याला सांगितलं, हल. चादरीचं टोक हललं. वाऱ्याने असेल म्हणून पुन्हा सांगितलं, पुन्हा हललं. मला रडू फुटणार होतं. तेवढ्यात आई वाटी घेऊन आली, आणि मी तोंड उघडलं ते पेज घ्यायला.

मी तिला सांगितलं नाही. तिने तेल लावलं, विचारलं, "कळतंय का काय?" तिच्या बोटांचे घट्टे मला अंगठ्याला टोचत होते, आणि मी म्हटलं, "नाही." दुपारी तोफा झाल्या, तिने पुन्हा चोळलं, पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा म्हटलं, "नाही." ती पडवीत गेली की मी अंगठा हलवून बघायची, अजून आहे ना. ती आली की पाय मेलेले. का, ते सरळ सांगते. एकदा सांगितलं की ती सुटली असती. मला तिला अजून थोडा वेळ तिथेच ठेवायचं होतं, राहुरी आणि कोल्हारच्या मधे, जिथे मी तिच्यामुळे दोन वर्षं होते. तिसऱ्यांदा मी "नाही" म्हटलं तेव्हा ती माझा पाय नुसता हातात धरून बसली.

दिवेलागणीला रूथबाईने कंदील लावला. आई चौथ्यांदा वाटी घेऊन आली, पायांशी बसली आणि चोळायला लागली. डावा झाला, उजवा झाला. वाटीतलं तेल संपलं. तिने विचारलं नाही. मी वाट बघत होते, की आता विचारेल, मग नाही म्हणेन, किंवा हो म्हणेन. पण ती विचारायचंच सोडून देऊन, वाटी उचलून उठायला लागली होती. मला एकदम इतकी भीती वाटली, की तेवढी सुरीचीही वाटली नव्हती.

"आई," मी म्हटलं, "कळतंय."

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाली, "कुटं?"

"अंगठ्याला. उजव्या." आणि मी तो हलवला.

पुढे सात महिन्यांनी मी पट्टा बांधून, काठी टेकत आमचा ओटा चढले, आणि आई माझ्या मागून चढली. आत्याने दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि त्या विषयावर घरात कुणी कधी बोललं नाही. आई त्यानंतर पुष्कळ जगली. दिवेलागणीला माझ्या पोरीच्या पायात जीव आला, ही गोष्ट ती मरेपर्यंत येईल त्याला सांगायची, कंदिलाची वात कशी मोठी झाली त्यासकट. मी शेजारी बसून ऐकायची.

त्या संध्याकाळी ती ओरडली नाही की रडली नाही. माझा अंगठा मुठीत धरून ती फरशीवर बसून राहिली. तिच्या हाताला तेल होतं, ते माझ्या पायाला गार लागत होतं. मग तिने वर बघितलं.

"कवापास्नं कळतंय?"

"आत्ताच," मी म्हणाले.